सव्वासहाच्या गाडीतली जागा

पालीच्या पुढे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळवाडी म्हणून एक वाडी आहे. घरं मोजून चाळीस, पण रत्नागिरीची एस.टी. तिथे वस्तीला असते, ह्याचा वाडीला कोण अभिमान! रात्री गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत पथारी टाकायचे आणि सकाळी साडेसातला गाडी परत निघायची. गाडी वाडीतूनच सुटायची, त्यामुळे वाडीच्या माणसाला जागा हमखास. विमला तर दारामागच्या दोघांच्या बाकावर बसायची, आणि शेजारच्या जागेवर आपली डब्याची पिशवी ठेवायची. पालीला गाडी भरली, माणसं दांड्याला लोंबायला लागली, तरी ती पिशवी हलायची नाही. ती हलायची फक्त वैदेहीबाईंसाठी.

वैदेहीबाई रत्नागिरीच्या एका शाळेत शिक्षणसेविका होत्या. विमला एमआयडीसीतल्या काजूच्या कारखान्यात काजू सोलायची. एक पालीच्या बाजारपेठेतल्या चांगल्या घरातली, लग्न होऊन आलेली. दुसरी कातळवाडीची कुणबीण, नवरा सदू मुंबईला वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी. दोघींचं जमायचं काही कारण नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी वैदेहीबाईंना दिवस गेले. पहिल्या तीन महिन्यांत त्यांना गाडीत इतक्या ओकाऱ्या व्हायच्या की हातखंब्यापर्यंत जीव अर्धा व्हायचा. विमलाने आपण होऊन खिडकी दिली, लिंबू दिलं, पाठीवरून हात फिरवला. पुढे पुढे तर शेजारी कोणी म्हातारीकोतारी आली की तिला स्वतःची जागा देऊन विमला पालीपासून रत्नागिरीपर्यंत उभी राहायची, पण बाईंची खिडकी सोडायची नाही.

बाईंना सातवा लागला तेव्हा पासवाल्या बायकांनी गाडीतच डोहाळजेवण केलं. दांडीला अबोलीचे वळेसर बांधले, पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून आणल्या. ओटी भरायची वेळ आली तशी विमला आपणहून मागे सरकली. तिला कळत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. अशा बाईने ओटी भरू नये असं कोणी तोंडाने बोललं नव्हतं, पण नारळाचं तबक तिच्या बाजूला येतच नव्हतं. तेव्हा वैदेहीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पहिली ओटी विमलाताई भरतील. त्यांनी भरली नाही तर मी कोणाचीच घेणार नाही."

विमलाने त्या दिवशी ओटी भरली आणि दिवसभर काजू सोलताना रडली. चौदा वर्षांत कोणी तिला एवढा मान दिला नव्हता. त्या दिवसापासून वैदेहीबाई तिच्या कोणीतरी झाल्या. बाईंना मुलगी झाली, रजा संपवून त्या परत आल्या, मुलगी चालायला लागली, तरी पिशवी आपली शेजारच्या जागेवरच. "बाळंतीण आहे," म्हणून एक वर्ष गेलं आणि "सवय झाली," म्हणून दुसरं. गाडीतला कंडक्टर काशीराम चेष्टा करायचा, "वयनी, बाईंच्या पोरीच्या लग्नापर्यंत धरणार काय जागा?" विमला हसायची. तिचं काय जात होतं?

दोन हजार दोनच्या गणपतीला सदू आला आणि परत गेला, आणि ऑक्टोबर सरताना विमलाला कळलं. अडतिसावं वर्ष चालू होतं. तिने महिनाभर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. मागच्या वेळी तिसऱ्यातच साऱ्या वाडीला सांगून बसली होती, आणि साडेचारात सगळं संपलं. कोणाची तरी दृष्ट लागली, असं सासू मरेपर्यंत म्हणत होती. तेव्हा ह्या खेपेला विमलाने कानाला खडा लावला: पाचवा सरेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. सदूला पत्र नाही, भावजयीला निरोप नाही.

पण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मागची दोन लक्षात घेता हे सांभाळायचं असेल तर दगदग नको. बसून काम चालेल, पण ते गाडीत उभं राहून गचके खाणं बंद."

सकाळची चिंता नव्हती. रड होती ती संध्याकाळच्या सव्वासहाच्या गाडीची. कारखाना सुटून विमला स्टँडवर पोचेपर्यंत गाडी गच्च भरलेली असायची, आणि मग हातखंब्याच्या वळणावळणांनी पालीपर्यंत उभं. जागा मिळवायची तर कोणाला तरी सांगायला हवं. सांगितलं तर दृष्टीचं भय. विमलाने चार दिवस विचार केला, आणि पाचव्या दिवशी सकाळी, गाडी घाटात असताना वैदेहीबाईंच्या कानाशी लागली.

"बाई, एक सांगत्ये, पन कोनाला बोलू नका. माझ्या पोटात हाय. तिसरा चाललाय."

वैदेहीबाईंनी तिचा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "विमलाताई! अहो, किती छान! काही काळजी करू नका. माझी शाळा पाचला सुटते. संध्याकाळची जागा मी धरत जाईन. आणि सातव्यात पहिली ओटी माझी, हं!"

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. विमलाने सदूचा एक जुना पंचा बाईंजवळ देऊन ठेवला, निळ्या काठाचा. गाडी फलाटाला लागली की वैदेहीबाई खिडकीतून तो पंचा आत टाकायच्या. स्टँडवरचा कायदा म्हणजे कायदा. एकदा पंचा पडला की जागा पंच्याची, मग मामलेदार का येईना. विमला धापा टाकत यायची आणि खिडकीशी बसायची. बाई शेजारी. कोणी विचारलंच, तर बाई म्हणायच्या, "सकाळी त्या माझी धरतात, संध्याकाळी मी त्यांची." कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. विमला रोज रात्री देवासमोर दिवा लावताना बाईंच्या लेकीचंही नाव घ्यायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी स्टँडवर ही झुंबड. सुगडी, उसाच्या कांड्या, पिशव्या, पोरं. विमलाला पाचवा लागून आठवडा झाला होता. आणखी तीन आठवडे, की ती सगळ्यांना सांगायला मोकळी होणार होती. त्या दिवशी सकाळपासून कंबर धरली होती, म्हणून ती हळूहळू आली. पण घाई करायचं कारणही नव्हतं, पंचा पडलेला असणारच.

ती गर्दीतून वाट काढत दारामागच्या बाकापाशी पोचली आणि थबकली. वैदेहीबाई बसल्या होत्या. खिडकीशी मात्र दुसरीच कोणीतरी होती: गोरीपान, चोवीस-पंचवीसची, अंगावर रेशमी ओढणी. विमलाने ओळखलं. पालीच्या मोठ्या घरातली आर्यावहिनी. बाईंची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांची सून. तिला चौथा महिना आहे, हे पालीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या सासऱ्यांना आनंद पोटात मावत नव्हता. एरवी ती गाडीने फिरायची, मोटारगाडीने. निळ्या काठाचा पंचा तिच्या पायाखाली पडला होता.

"आमची गाडी नेमकी आज गॅरेजमध्ये," आर्या सांगत होती. "मला वाटलं, आता उभ्यानेच जावं लागतंय. तुमच्यामुळे केवढी सोय झाली!"

"छे हो, वहिनी," वैदेहीबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला फलाटावर पाहिलं ना, तेव्हाच पंचा टाकला. खास तुमच्यासाठी धरलीय."

विमलाने ते ऐकलं. पण माणूस मोठं विचित्र असतं. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्या बाजूने स्वतःच वकिली करतं. विमलाला वाटलं, बरोबरच आहे की, तीही पोटुशीच आहे. बिचारीला खिडकी दिली हे चांगलंच केलं. आता बाई उठतील आणि मला आपली जागा देतील.

बाईंनी वर पाहिलं. नजरानजर झाली. बाई हसल्या, ओळखीच्या माणसाला हसतात तेवढ्याच, आणि पुन्हा आर्याकडे वळल्या. येत्या जूनमध्ये त्यांची तीन वर्षं पुरी होत होती. कायम करायचं की नाही ते अध्यक्षांच्या हातात होतं, आणि अध्यक्ष सुनेचा शब्द खाली पडू देत नाहीत, असं सारी पाली सांगत होती. एवढी चाळीस-पन्नास मिनिटं पुन्हा कुठून मिळायची?

गाडी सुटली. विमला एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पोट सांभाळत उभी राहिली. मागून कोणाच्या तरी उसाची कांडी पाठीत टोचत होती. साळवी स्टॉप गेला. कुवारबाव गेलं. प्रत्येक गचक्याला तिचं अंग आक्रसून जायचं, आणि प्रत्येक थांब्याला वाटायचं, आता उठतील. बाई आर्याला डोहाळ्यांविषयी सांगत होत्या. गाडीत ओकारी येऊ नये म्हणून लिंबू कसं धरावं, तेही सांगितलं. ते लिंबू कोणी शिकवलं होतं, हे तेवढं राहिलं.

तिकिटं फाडत काशीराम पुढे आला. विमलाचा पांढराफटक चेहरा पाहून तो थांबला. "काय वयनी? बरं नाय वाटत?" मग तो बाकाकडे पाहून म्हणाला, "बाई, आज विमलवयनीची जागा नाय धरली?"

विमलाच्या ओटीपोटात तेव्हा बारीकशी कळ आली. एकच, पण मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती. ती इतकी घाबरली की दृष्ट, पाचवा महिना, स्वतःशी केलेला नेम, सगळं विसरून गेली.

"मला बसाया जागा द्या कोनीतरी," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या पोटात हाय. पाचवा चाललाय."

मागून एक बाई फिसकन हसली. कोणीतरी म्हणालं, "आज बरा आठवला पाचवा!" दुसरी म्हणाली, "ह्या वयात? जागेसाठी काय काय बोलतात गो!" विमलाचं अंग भरलेलं, नऊवारी घट्ट कसलेली, चार महिने तिनेच इतकं जपून लपवलेलं की आता दाखवायचं म्हटलं तरी दिसेना.

आर्या मात्र अर्धवट उठली. "अहो, खरंच असेल तर मी उठते."

"तुम्ही बसा हो, वहिनी!" वैदेहीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून तिला बसवलं.

विमला बाईंकडे वळली. अजूनही तिला राग आला नव्हता; तिला फक्त साक्ष हवी होती. "बाई, तुमी सांगा ना ह्यांना. तुमाला म्हायती हाय."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंच्या शब्दाला गाडीत वजन होतं. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर चार बायका उठल्या असत्या. पण मग 'खास तुमच्यासाठी' धरलेली जागा कोणाची होती, तेही निघालं असतं. पंचा तिथेच, पायाखाली.

"मला काय माहीत?" वैदेहीबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर काळोख पडत होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. दोन पोरं गेली तेव्हा विमलाने देवाला शिव्या दिल्या होत्या. इथे कोणाला द्यायच्या? बाईंच्या कपाळावरचं कुंकू तेवढं तिला दिसत राहिलं. डोहाळजेवणाच्या दिवशी ते तिनेच लावलं होतं, असं काहीतरी मनात येत राहिलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "ये गो बाय, हितं ये." जनी होती, पूर्णगडची. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला सुक्या मासळीची टोपली घेऊन पालीला निघालेली. वासाने नाक मुरडून पासवाल्या बायका तिच्यापासून दोन बाक लांब बसायच्या. ती उठून उभीच राहिली होती, टोपली पायांत धरून.

"जनीमावशी, खरं-खोटं काय तां बघ आधी," कोणीतरी म्हणालं.

"मी काय डाक्टर हाय?" जनी खेकसली. "खरा असला तरी बसूंदे, खोटा असला तरी बसूंदे. उभ्यानं माझी काय हाडं झिजत न्हाईत."

विमला जनीच्या जागेवर बसली आणि पदरात तोंड घालून पालीपर्यंत रडली. कळ पुन्हा आली नाही. पालीला वैदेहीबाई आर्याला हात देऊन उतरल्या. मागे वळून पाहिलं नाही. काशीरामने पंचा उचलून झटकून विमलाला आणून दिला. त्यावर चपलेचा ठसा उमटला होता.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. गाडीत बसल्यावर विमलाच्या हाताने सवयीने पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. ते तिच्या लक्षात आलं पालीला, वैदेहीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. बाईंनी आपणच पिशवी उचलून तिच्या मांडीवर दिली आणि बसल्या. तिळगूळ पुढे केला.

"रागावलात ना?" त्या हळूच म्हणाल्या. "पण विमलाताई, तुम्हीच म्हणाला होतात, कोणाला सांगू नका. सगळ्यांसमोर मी कसं बोलणार? मी तुमचं गुपितच राखलं."

काल विमलाला वाटलं होतं, बाईंना रात्रभर झोप लागणार नाही. आणि ह्यांनी रात्रभरात ही असली गोष्ट शिवून आणली होती, टाके दिसणार नाहीत अशी. तिला माहीत होतं की तिनेच स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर राखायला गुपित उरलं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाशी वाद घालायची तिला सवय नव्हती. तिने तिळगूळ घेतला, खाल्ला नाही, पिशवीत टाकला. त्या दिवसापासून ती बाईंशी बोलली नाही. बाईंनीही फारसं मनावर घेतलं नाही. पिशवी मात्र जागेवर परत आली नाही.

संध्याकाळची जागा काशीराम सोडायला लागला, स्वतःची, दाराजवळची. "मी तसापन उभाच असतो," असं म्हणायचा. पाचवा सरला. पोट लपवायचं म्हटलं तरी लपेना. ज्या बायका त्या दिवशी फिसकन हसल्या होत्या, त्याच आता ओशाळून "उद्या माझ्या शेजारी बसा हो," म्हणायला लागल्या. शिमग्याला सदू आला, पालखी नाचवण्याऐवजी बायकोच्या मागेमागे फिरला, आणि जाताना दहादा सांगून गेला की जप. बाळ आतून लाथा मारत होतं. विमला सुखात होती, म्हणायला हरकत नाही. फक्त सव्वासहाच्या गाडीने साळवी स्टॉप ओलांडला की तिचा एक हात आपोआप पोटावर जायचा आणि दुसरा दांडी शोधायचा.

मार्च संपता संपता बायकांनी विमलाचं डोहाळजेवण ठरवलं. गाडीतच, रिवाजाप्रमाणे. ड्रायव्हर रघूने पाच मिनिटं गाडी पालीला थांबवायचं कबूल केलं. दांडीला अबोली बांधली. विमला हिरवी साडी नेसून आली होती. ज्या बाकावर दोन वर्षांपूर्वी तबक तिच्यापर्यंत येत नव्हतं, त्याच बाकावर तिला बसवलं होतं.

"पहिली ओटी कोणाची?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे काय! माझी," वैदेहीबाई पुढे आल्या. हातात जरीचा खण, नारळ, तांदूळ. चेहरा आनंदाने फुललेला, आणि तो आनंद खोटा नव्हता. वाईट ते तेच. कायम होण्याचा शब्द त्यांना मिळाला होता आणि त्यांना सगळ्यांचंच भलं व्हावंसं वाटत होतं. "ह्यांनी सगळ्यांत आधी मला सांगितलं होतं. नवऱ्याच्याही आधी! तिसऱ्या महिन्यापासून मला माहीत आहे."

बायकांनी माना डोलावल्या. आणि मग एकेकीची मान डोलायची थांबली. त्या दिवशीच्या गाडीत त्यातल्या बऱ्याच जणी होत्या. काशीराम तिकिटांची पेटी हातात धरून दारात तसाच उभा राहिला.

विमलाने मान वर केली. अडीच महिन्यांनी ती बाईंशी पहिलं वाक्य बोलली, आणि तेही न चिडता, खरंच विचारावं तसं.

"बाई, संक्रांतीच्या आदल्या दिवशी म्हायती होतं काय तुमाला?"

रघूने गाडीचं इंजिन चालू ठेवलं होतं, त्याने खिडक्यांच्या काचा तेवढ्या खडखडत होत्या. वैदेहीबाईंच्या ओंजळीतून तांदूळ सांडले, आणि त्या नारळ घेऊन एक पाऊल मागे सरल्या.

पण आलेली ओटी परतवत नाहीत. परतवली तर ते पोरावर जातं, असं वाडीत मानतात, आणि दोन पोरं गेलेली बाई अशा गोष्टी पडताळून पाहत नाही. विमलाने हिरव्या साडीचा पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"भरा, बाई," ती म्हणाली. "पोराची हाय ती. माझी असती, तर घेतली नसती."